भांगाचं पाणी

वडिलांशी बोलायचं असेल तर त्यांच्यासमोर बसू नये, शेजारी बसावं. समोरासमोर बसलं की आपल्याकडचे बहुतेक बाप 'काय, बरं चाललंय ना?' आणि 'पोरांचा अभ्यास?' यांच्यापुढे सरकत नाहीत. तिसऱ्या वाक्याला टीव्हीचा आवाज वाढतो. पण दोघांची नजर भलतीकडेच लागलेली असेल आणि हाताला काही काम असेल, तर तोच माणूस मोकळा होतो. यासाठी पाण्यात सोडलेल्या गरीच्या तंगुसाइतकी सोयीची गोष्ट मला तरी दुसरी सापडलेली नाही.

आजोबांच्या पिढीत हे काम रान करायचं. डुकराच्या मागावर अख्खी वाडी निघे. हाकारे घालणारे एका अंगाला, ठासणीची बंदूक घेऊन वाट धरून बसलेले दुसऱ्या अंगाला. पोरगा बापाशेजारी खोकलासुद्धा दाबून बसे. संध्याकाळी वाटे पडत, त्यात हाकाऱ्यालाही वाटा असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या सगळ्याला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची पळवाटही जवळपास बुजली. झालं ते योग्यच झालं. रानात उरलंय तरी काय मारायला? पण बापाशेजारी गप्प बसायची एक जागा त्याबरोबर गेली, हेही खरं. आमच्या घरात ती जागा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, रानातून उचलून खाडीवर आणली. रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते. तिच्या आतल्या अंगाला, कांदळवनाच्या कडेनं आम्ही गरवायला बसतो.

म्हातारपण माणसाला एकदम गाठत नाही, ते एकेक हत्यार काढून घेत येतं. अण्णांचा आधी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, सुटला. पागाच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, आणि भिजला की तो चांगलाच जड होतो. अर्धा घोळ कोपरावर, अर्धा हातात घेऊन कमरेतून असा झोका द्यावा लागतो की हवेतच तो गोल उघडला पाहिजे. नाहीतर नुसता गोळा होऊन पाण्यात पडतो आणि बोय माशांचा थवा हसत निघून जातो. अण्णांचा पाग ताटासारखा गोल पडायचा. खांदा दुखायला लागला तसा एक दिवस त्यांनी तो धुऊन, वाळवून माळ्यावर टाकला. घरात कुणाला काही सांगितलं नाही. मग उरली गरी. तिला खांदा लागत नाही, धीर लागतो, आणि तो त्यांच्याकडे आता पहिल्यापेक्षा जास्त आहे.

अलीकडे गरीचं बारीक भोकही त्यांना दिसेनासं झालं. तंगुसाचं टोक दोन बोटांत धरून ते आभाळाकडे बघतात, एकदा, दोनदा, आणि मग गरी आणि तंगूस दोन्ही माझ्या तळहातावर ठेवतात. 'ओवून दे' असं म्हणत नाहीत. मीही काही बोलत नाही, खिशातून माझा चष्मा काढतो. पण मी ओवलं की गरी लगेच परत घेतात. गाठ त्यांचीच. तंगुसाला वेढे घ्यायचे, टोक मागच्या फासातून काढायचं, थुंकी लावायची आणि हळू आवळायचं. हे सगळं ते खाडीकडे बघत करतात. डोळ्यांनी रजा घेतली तरी बोटं अजून कामावर आहेत. हे घरच्या खुर्चीत बसून मला कधी कळलं नसतं. तिथे अण्णा फक्त गोळ्या घेणारे म्हातारे आहेत. इथे ते अजून माहीतगार आहेत आणि मी त्यांचा गडी आहे.

मला खाडीचं गणितही त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आगेमागे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त आणि मासाही फिरता. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही. खरा गरवणारा भांगाला घरी बसून गऱ्या घासतो. मीही पूर्वी रजा टाकताना उधाण बघून टाकत असे.

आता मी भांग बघतो. उधाणाला खाडी दूरवर आटते आणि चिखल उघडा पडतो. कातळावरची कालवं पाय कापतात, आणि पाणी चढू लागलं की बघता बघता गुडघ्याला येतं. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचं ते काम नव्हे. भांगाचं पाणी मात्र म्हाताऱ्याच्या चालीनं येतं. आमच्यासारख्या चाकरमान्यांच्या नशिबानं गौरी बहुधा अष्टमीच्या आगेमागेच येतात. पाऊणपटीच्या हिशेबानं त्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर पाणी चढायला लागतं आणि दिवेलागणीच्या आत भरतं. गौरीला तिखटाचा नैवेद्य असणाऱ्या आमच्यासारख्या घरांत त्या वेळी खाडीवर जायला निमित्तही शोधावं लागत नाही.

अण्णांच्या हे ध्यानात आलं नसेल, असं कसं होईल? ज्यानं तिथीचं गणित शिकवलं त्याला तिथी कशी फसवणार? मागे एकदा पुलाखालून जाताना म्हणाले, "भांगाला कसले मासे मिळणार रे तुला?" मी म्हटलं, "अण्णा, रजाच या दिवसांत मिळते." त्यांनी 'हूं' केलं. मग काठी रोवत दोन पावलं टाकली आणि म्हणाले, "पाणी संथ आहे, ते बरं." तेवढ्यावर आमचा करार झाला. मासे थोडे मिळतील हे दोघांनाही माहीत असतं, आणि त्याबद्दल दोघंही तक्रार करत नाहीत.

अशाच एका संथ दुपारी त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. अण्णा मुंबईत गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. अण्णा गावी आले. आम्ही पोरं खूश होतो. बाप घरात आहे, रोज खाडीवर जातो, कालवणाला मासा आहे. आमची पक्की समजूत होती की अण्णांना गरवायचा नाद आहे. त्या दुपारी शेंगटीचा काटा सांभाळून सोडवता सोडवता ते म्हणाले, "तुम्हाला वाटायचं बापाला नाद आहे. घरात तांदळाशिवाय काही नसायचं. तुझी आई मसाला वाटून ठेवायची, म्हणजे मला हात हलवत परत येता यायचं नाही." एवढं बोलून त्यांनी शेंगटी टोपलीत टाकली आणि गरीला नवीन कोळंबी लावली. पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही, आणि सुचायची गरजही नव्हती. आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो.

ही गोष्ट मी त्यांना घरी विचारून काढू शकलो असतो का? शक्यच नाही. हल्ली पोरं मोबाईल समोर धरून आजोबांना म्हणतात, "तुमच्या आठवणी सांगा ना." आजोबा गळा साफ करतात आणि शाळेच्या गॅदरिंगला बोलावं तसं बोलतात. आठवणी अशा हुकमानं येत नसतात. त्या कामाच्या पोटात असतात, आणि ते काम हातात घेतलं तरच वर येतात. कुणाच्या वडिलांचं काम शेताच्या बांधावर असेल, कुणाचं हार्मोनियमच्या भात्यात, कुणाचं सायकलच्या पंक्चरमध्ये. मुलानं ते ओळखावं, चांगलं येत असलं तरी थोडं कमी येतं असं दाखवावं आणि शेजारी जाऊन बसावं. आणि दिवस निवडताना कामाला सोयीचा नव्हे, तर वडिलांना झेपेल असा निवडावा.

म्हणून गावी फोन लावाल तेव्हा 'तब्येत कशी आहे?' हे आईला विचारा, ती खरं सांगेल. वडिलांना विचारायचं ते एवढंच, "अण्णा, अष्टमीला पाणी किती वाजता भरतं हो?" उत्तर तुम्हाला पाठ असलं तरी विचारा.