आबांची लाईन

अंधेरी स्टेशनाबाहेर डबेवाल्यांचा एक गट होता. वीस माणसं, वर एक मुकादम. सगळे मावळ-खेडकडचे, बरेचसे एकमेकांच्या नात्यातले. महिनाअखेरीला खर्च वजा जाता उरलेले पैसे सारखे वाटायचे. मुकादमांचा वाटाही तेवढाच. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या धंद्यात पुढे डबेवाले स्वतःच वाटेकरी झाले, आणि मला त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

गटात एक पोरगा नवा होता. आधी पगारावर राबला, मग पैसे भरून वाटेकरी झाला. चकाला-मरोळची लाईन, म्हणजे घरोघरी डबे गोळा करायची वाट, त्याची. छत्तीस डबे घेऊन सगळ्यांच्या आधी स्टेशन गाठायचा. गटातल्याच आबांना मात्र स्वतःची लाईनच नव्हती. आज याच्याबरोबर चालायचे, उद्या त्याच्याबरोबर, परत येऊन पेटीत डबे लावायचे. पोराच्या मागेही ते चार-सहा वेळा फिरले होते. आपल्यावर नजर ठेवायला पाठवलंय, असं त्याला वाटलं होतं.

वाटपाच्या दिवशी तो बोललाच. "मुकादम, मी छत्तीस डबे आणतो. आबा एकही आणत नाहीत. वाटा सारखा कसा?"

आबा खाली मान घालून नोटा मोजत राहिले. "पावसाळा जाऊ दे, मग बोलू," मुकादम म्हणाले.

जुलैत एका सकाळी अंधेरी सबवे तुंबला. चकाल्याला पोराची सायकल घसरली. चाक वाकलं, घोटा सुजला. वीस डबे गोळा झाले होते, सोळा अजून घरांत. फोन हातात होता, पण लावायचा कसा? आबांबद्दल बोललेलं घशात अडकलं होतं. तसाच लंगडत तो आणखी दोन जिने चढला. त्या दोन जिन्यांनी फार वेळ खाल्ला. गटाचे सगळे डबे एकाच लोकलच्या मालडब्यात चढतात. एक लाईन रखडली की दादर-चर्चगेटला उभ्या असलेल्या माणसांचीही खोटी होते.

शेवटी त्याने फोन लावला. मुकादम एवढंच म्हणाले, "आबा निघालेत."

"राहिलेली घरं सांगू का?"

"नको. त्यांना ठाऊक आहेत."

डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळं झाकणावर रंगाने लिहिलेलं असतं. पण तो उचलायचा कुठल्या घरातून, ते झाकणावर नसतं. ते डबेवाल्याच्या डोक्यात असतं. तो पडला की लाईनही पडते. म्हणून जाणता गट एक-दोन माणसं मोकळी ठेवतो, आणि ती नवखी नसतात, सगळ्यात मुरलेली असतात. गटातल्या सगळ्या लाईनी आबांना पाठ होत्या.

राहिलेले सगळे डबे वेळेत आले. आबा पोराला एका शब्दानेही टोचून बोलले नाहीत. घोटा बरा झाल्यावर पोरगा आपणहून म्हणाला, "आबा, रविवारी वर्सोव्याची लाईन दाखवता?" मग पुढच्या रविवारी जुहूची, त्यापुढे सात बंगल्याची. कुठे बेल बंद असते, कडी वाजवावी लागते. कुठल्या आजींना ऐकू येत नाही. कुठे डबा शेजारच्या दारात ठेवलेला असतो.

दिवाळीनंतर वर्सोव्याचा गडी तापाने पडला. मुकादम आबांना हाक मारणार, तोच पोरगा पुढे झाला. "आबा, माझी लाईन तुम्ही घ्या, तिथे बहुतेक ठिकाणी लिफ्ट आहेत. वर्सोव्याचे जिने मी बघतो."