मापात पाप

धान्य मापताना पायली शिगोशीग भरता येते किंवा वरून हात फिरवून सपाट करता येते. माप तेच, पदरात पडणारं धान्य मात्र कमीजास्त. डेटाबेसची गती मोजणं हे पोस्टडॉक म्हणून माझं रोजचं काम आहे आणि ते करताना 'मापात पाप' हे शब्द मला हटकून आठवतात. कारण प्रश्न तोच आहे: प्रत्येक आकडा खरा असूनही मोजणारा खोटं बोलू शकतो का?

सहज बोलू शकतो. समजा, शंभर स्तंभांचा एक मोठा तक्ता आहे. पोस्टग्रेस तो ओळी-ओळींनी साठवतो, पार्केट स्तंभा-स्तंभांनी. एकाच स्तंभाची सरासरी मागितली, तर पार्केट तेवढाच स्तंभ वाचून मोकळं होतं. एका ग्राहकाचा पत्ता बदलायचा असेल, तर पोस्टग्रेसचं काम चुटकीसरशी होतं. पार्केटमध्ये मात्र अख्खी फाइल पुन्हा लिहावी लागते. दोन्ही निकाल खरे, पण प्रश्न निवडणाऱ्याने विजेता आधीच निवडलेला असतो. याहून साधी युक्ती म्हणजे आपली प्रणाली महिनाभर घासूनपुसून तयार करायची आणि दुसऱ्याची मूळ सेटिंग्जवर चालवायची. पोस्टग्रेसची मूळ सेटिंग्ज डेटासाठी सहसा १२८ मेगाबाइटचाच बफर राखून ठेवतात, मग मशीन कितीही मोठं असो.

१९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसची तुलना करून निकाल नावानिशी छापले. ओरॅकलची कामगिरी चांगली दिसली नाही आणि कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन संतापले, ही गोष्ट या क्षेत्रात अजून सांगितली जाते. पुढे काही कंपन्यांच्या परवान्यांत आमच्या परवानगीशिवाय चाचणीचे निकाल छापू नयेत अशी अट आली. तिला आजही 'डेविट कलम' म्हणतात. म्हणजे तराजू विकायचा, पण वजन सांगायला बंदी!

१९८८ मध्ये कंपन्यांनीच टीपीसी ही संस्था काढली. तिच्या चाचणीत मांडणी उघड करावी लागते, किंमत सांगावी लागते, त्रयस्थाकडून तपासणी होते. तरीही टीपीसी-डी ही चाचणी १९९९ मध्ये बदलावी लागली, कारण तिच्यातल्या प्रश्नांची उत्तरं आधीच काढून ठेवण्याची सोय डेटाबेसमध्ये आली होती. नियम कुणी मोडला नव्हता. परीक्षेचा अर्थ मात्र निघून गेला होता.

यावर कुणी म्हणेल, सगळंच कसं मोजणार? निवड तर करावीच लागते. मान्य. निवड हे पाप नाही, ती लपवणं हे पाप आहे. माझी कसोटी अशी: हरणाऱ्याच्या जागी मी असतो, तर हे माप मला मान्य झालं असतं का? आणि हरणाऱ्याला तेच मोजमाप स्वतः पुन्हा करून बघता येईल का?

ही कसोटीही एका माणसापाशी अपुरी पडते, कारण तो अजून आलेलाच नाही. आज साठवलेला डेटा वीस वर्षांनी उघडणाऱ्या वाचकासाठी गतीच्या तक्त्यात रकाना नसतो. सीएसव्ही कुणालाही उघडता येते, पण तिच्यात डेटाचा प्रकार नोंदलेला नसतो. ०२१३९ हा अमेरिकन झिपकोड एखादं सॉफ्टवेअर आकडा समजून २१३९ करून टाकतं. एसक्यूलाइट ही एकच फाइल, तिचं स्वरूप जाहीर आहे, २०५० पर्यंत सांभाळण्याचा तिच्या निर्मात्यांचा मानस आहे आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस तिची शिफारस करते. म्हणून रोजच्या विश्लेषणाला मी पार्केट वापरतो आणि जपून ठेवायचा डेटा एसक्यूलाइटमध्ये ठेवतो. सोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ साध्या भाषेत लिहितो.

त्या लिहिण्याने गती एका मिलिसेकंदानेही वाढत नाही आणि त्याचा कुठे तक्ताही छापला जात नाही. पण ज्याला आपल्याकडे तक्रार करता येणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागलो, हे तिथेच कळतं.