प्रभूच्या पंगतीत पंक्तिभेद

(वाचन : १ करिंथ ११:१७-३४, मत्तय ५:२३-२४)



प्रभुभोजनाचा रविवार आला की आपल्या अनेक मंडळ्यांत एक दृश्य दिसते. उपदेश संपतो, भाकर व प्याला यांवरील शुभ्र आच्छादन दूर केले जाते, आणि काही जण मान खाली घालून मागच्या बाकावर बसून राहतात. कारण विचारले तर उत्तर मिळते, "मी अजून योग्य नाही." त्याच वेळी पुढच्या रांगेत असेही कोणी असते, ज्याने सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे शब्द उच्चारलेला नाही, पण तो निःशंकपणे हात पुढे करतो. एक जण भीतीने दूर राहतो, दुसरा सवयीने जवळ येतो. या दोघांपैकी प्रभुभोजनाचा अर्थ कोणाला कळला? की कोणालाच नाही?

प्रभुभोजन म्हणा, मिस्साबलिदानातील ख्रिस्तप्रसाद म्हणा, या संस्काराविषयी पवित्र शास्त्रातील सर्वांत कडक शब्द पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले. अयोग्य रीतीने खाणारा-पिणारा प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी दोषी ठरतो, असे तो बजावतो. या इशाऱ्याने कित्येक भाविक अंतःकरणे थरारली आहेत. परंतु तो इशारा कोणाला आणि कशाबद्दल दिला होता, हे आपण क्वचितच पाहतो.

पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथ हे बंदर, व्यापार आणि पैसा यांनी गजबजलेले नगर होते. मंडळीसाठी वेगळी इमारत नव्हती. एखाद्या सधन विश्वासणाऱ्याच्या घरी सर्व जण जमत. भाकर मोडणे आणि प्याला घेणे हे त्या काळी खऱ्याखुऱ्या जेवणाचा भाग होते. अभ्यासक सांगतात की अशा घरातील भोजनकक्षात मोजकेच पाहुणे मावत, बाकीच्यांना बाहेरच्या चौकात जागा मिळे. ज्यांना सवड होती ते आपले अन्न आधीच उरकून घेत. ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. एक भुकेला, तर दुसरा मद्याने धुंद! आपल्या मराठी भाषेत या प्रकाराला नेमका शब्द आहे : पंक्तिभेद. आणि पौलाचा निर्वाळा असा की जेथे पंक्तिभेद आहे, तेथे तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच.

येथे दोन बारकावे ध्यानात घ्यावेत. पहिला असा की 'अयोग्य रीतीने' हे क्रियाविशेषण आहे. ते व्यक्तीचे विशेषण नाही. पौल अयोग्य माणसांविषयी बोलत नसून अयोग्य वर्तनाविषयी बोलत आहे. योग्य माणसांचीच पंगत बसवायची असती, तर त्या पहिल्या रात्री माडीवर कोण उरले असते? लूकच्या वृत्तांताप्रमाणे विश्वासघात करणाऱ्याचा हात त्याच मेजावर होता, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला नाकारणारा पेत्रही तेथेच बसला होता. दुसरा बारकावा असा की आत्मपरीक्षा करा आणि दूर राहा, असे पौल सांगत नाही. आत्मपरीक्षा करा आणि मग खा, असे तो सांगतो. म्हणून मागच्या बाकावरील बंधुभगिनींनो, आपल्या पापाची जाणीव हा मेजापासून दूर राहण्याचा परवाना नव्हे. भुकेची जाणीव असणाऱ्यासाठीच अन्न असते.

मग दोष कोणता? शरीर न ओळखणे हा! पण कोणते शरीर? वधस्तंभावर दिलेले शरीर तर खरेच. पण त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. आणि बाराव्या अध्यायात याच शरीराचे अवयव तो मोजून दाखवतो. ज्याने भाकरीत ख्रिस्त पाहिला परंतु शेजारी बसलेल्या दरिद्री भावात पाहिला नाही, त्याने अर्धे शरीर नाकारले. सहभागितेसाठी पौलाने योजलेला ग्रीक शब्द 'कोइनोनिया'. यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी गोळा केलेल्या वर्गणीलाही तो हाच शब्द वापरतो. प्याल्यातील भागीदारी आणि पैशाच्या थैलीतील भागीदारी यांना एकच नाव! इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर याने रोममधून ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहिले, त्यातही हेच आढळते : अनुपस्थितांकडे भाकर पोहोचवली जाई, आणि त्याच सभेत जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांचा सांभाळ होई.

कोणी म्हणेल, "मग प्रभुभोजन म्हणजे केवळ समाजसुधारणेचे सहभोजन झाले काय?" नाही. सहभोजनात आपण एकमेकांना बोलावतो; येथे बोलावणारा प्रभू आहे. आपण एक आहोत म्हणून तो स्वतःला देत नाही. तो स्वतःला देतो म्हणून आपण एक होतो. तो भाकरीत कसा उपस्थित असतो, या प्रश्नावर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर व झ्विंग्ली यांची बैठक झाली. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्या कलमात प्रभुभोजनाचा पुष्कळसा भागही मान्य झाला, पण या एका मुद्द्यावर ते दुरावले. त्या प्रश्नाचे महत्त्व कमी नाही. परंतु प्रभू येथे खरोखर भेटतो असे जो जितक्या दृढपणे मानतो, त्याला त्याच्या समोरील पंक्तिभेद तितकाच असह्य व्हायला हवा.

आणि आपल्या देशात? जातीची मुळे अन्नपाण्यात खोलवर रुजलेली आहेत. १९२७ मध्ये महाडचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे मराठी माणसाला सांगायला नको. ख्रिस्ती मेजही यातून सुटले नाही. तंजावर भागातील मंडळ्यांत बसण्याच्या जागा निरनिराळ्या होत्या, प्रभुभोजनासही जातवार गट येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ व कायमचा टाकण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी जात सोडण्याऐवजी मंडळी सोडली. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये तर जातींना विभागणारी भिंत होती. ती १९१० मध्ये पाडण्यात आली. भिंत पाडता येते, मनातील वीट काढणे कठीण. २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितविषयक धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत आजही जातिभेद आहे, हे उघडपणे मान्य केले. प्रोटेस्टंट वाचकांनी यावर समाधान मानू नये. आपल्या घरची सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे आपण जाणतो.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहा. पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. पण देवाने माणसांत जाती केल्या नाहीत, हे त्यांना उमगले तेव्हा शिवाशिव आधी गळून पडली आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला. आपल्यापैकी कितीकांचा क्रम उलटा आहे! बाप्तिस्मा कधीच झाला, सोवळे मात्र अजून सुटायचे आहे.

आता एक अवघड प्रश्न. ऐक्याच्या नावाखाली अन्याय सोसणाऱ्यालाच "विसरून जा, हात मिळव" असे सांगावे काय? शास्त्र तसे सांगत नाही. पौलाने उपाशी राहिलेल्यांना समजूतदारपणाचा उपदेश केला नाही. त्याने खाऊन तृप्त झालेल्यांची कानउघाडणी केली. प्रभूनेही वेदीपाशी अर्पण ठेवून परत जायला कोणाला सांगितले? ज्याच्या विरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला. चालत जाण्याचे ओझे दुखावणाऱ्याच्या पायांवर आहे. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने लोकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने पश्चात्ताप केल्याविना सम्राटाला प्रभूच्या मेजाशी येऊ दिले नाही. मेज सर्वांना खुले आहे. पण सत्ताधाऱ्याच्या रक्ताळलेल्या हाताकडे डोळेझाक करण्याइतके ते स्वस्त नाही.

दुखावणारा कधी आलाच नाही तर? तर दुखावलेल्याने वाट पाहत उपाशी राहू नये. आपल्या अंतःकरणातील सूडाची गाठ त्याने प्रभूच्या हाती द्यावी आणि निर्भयपणे खावे. न्याय मागणे आणि द्वेष करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वाचकहो, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या आपापल्या परंपरा घेऊन एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. सर्व ख्रिस्ती जनांना अद्याप एका मेजाशी बसता येत नाही, ही वेदना शिल्लक आहेच. तो तिढा सोडवणे आपल्या एकट्याच्या हातात नाही. मात्र आपल्याच मंडळीतील, आपल्याच वाड्यातील तिढा आपल्या हातात आहे. वडिलोपार्जित जमिनीचा वाद असेल, पंचकमिटीच्या निवडणुकीतील कटुता असेल, घरकाम करणाऱ्या बाईचा वेगळा ठेवलेला कप असेल. प्रभुभोजनाची तयारी रविवारी सकाळी इस्त्रीच्या कपड्यांनी होत नाही. ती शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी दारावर थाप मारून होते.

येत्या प्रभुभोजनाला जो मागे बसतो त्याने उठावे, कारण बोलावणारा कृपाळू आहे. जो सवयीने पुढे येतो त्याने क्षणभर थांबावे आणि आपल्या डाव्या-उजव्या बाजूला पाहावे. तेथे जो गुडघे टेकून आहे, त्याच्यासाठीही तीच भाकर मोडलेली आहे. त्याला ओळखणे म्हणजेच शरीर ओळखणे. ही ओळख प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.