कसोटी आणि कौल

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची कसोटी रचली, ती मागे पडणाऱ्या मुलांना हात देण्यासाठी; हुशारांना वेगळे काढण्यासाठी नव्हे. पुढे कॅलिफोर्नियात टर्मन यांनी १९२१ साली प्रज्ञावंत मुले निवडली, तेव्हा शॉक्ली आणि अल्वारेझ वगळले गेले. दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले! म्हणून चाचणीच टाळावी काय? तसे मला वाटत नाही. वर्गात कंटाळून मुके झालेल्या मुलाची भूक कधीकधी तीच उघड करते. खरा पेच निकालानंतरचा. नवोदय विद्यालयात निवडलेले मूल सहावीतच घर सोडून वसतिगृहात जाते. जायचे की नाही, हे त्याला विचारावे. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, हेही सांगावे. तरी ते ‘नाही’ म्हणाले, तर आईबापांनी ते मानावे.