खोक्यावरचा आकडा

गिरगावातल्या एका चाळीत दोन चुलत भाऊ राहत होते. दोघांनाही गेमचा भारी नाद. दोघांचे कंप्युटर एकाच वेळी घेतलेले, अगदी सारखे. त्यांत जुन्या हार्ड डिस्क होत्या. गेम सुरू करायचा म्हटलं की पडद्याकडे नुसतं बघत बसावं लागे. शेवटी साठवलेले पैसे घेऊन दोघे एसएसडी आणायला लॅमिंग्टन रोडला गेले.

दुकानदार जुना, जाणता माणूस होता. त्याने आधी विचारलं, "मदरबोर्ड कुठला? गेम कोणते खेळता? एका वेळी किती ठेवता?"

थोरल्याला एवढ्या चौकशीचा कंटाळा आला. "काका, सगळ्यात फास्ट कुठली ते दाखवा." एका खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी असा आकडा होता. ती जेन ४ ची एनव्हीएमई एसएसडी होती. हातातल्या पैशांत ५०० जीबीचीच बसत होती. त्याने तीच घेतली.

धाकट्याने मात्र मदरबोर्डचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "तुमच्या बोर्डाचा एम.२ स्लॉट जेन ३ चा आहे. त्यात जेन ४ ची एसएसडी चालेल, पण साडेतीन हजारांच्या आसपासच अडकेल. शिवाय गेम लोड होताना नुसत्या फायली वाचायच्या नसतात, त्या उलगडायलाही वेळ लागतो. हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेतली की फरक लगेच जाणवतो. पण चांगल्या एसएसडीपेक्षा दुप्पट वेगाची घेतली, तरी बहुतेक गेममध्ये एखाद-दोन सेकंदच वाचतात. एफपीएस वाढवायला तर ग्राफिक्स कार्डच लागतं."

"काका, मला रेड डेड रिडेम्पशन २ आणि बाल्डर्स गेट ३ दोन्ही ठेवायचेत."

"त्या दोघांनाच प्रत्येकी १५० जीबी लागतात. तू जेन ३ ची १ टीबी घे."

पैसे जवळपास तेवढेच पडले.

घरी दोघांचे गेम सारख्याच वेळात सुरू होऊ लागले. काही महिने गेले. थोरल्याच्या ५०० जीबीपैकी विंडोज ४६५ च दाखवत होतं. त्यात विंडोज, तेच दोन गेम आणि इतर सामान बसल्यावर तिसऱ्या मोठ्या गेमला जागा उरेना. एक काढावा तेव्हा दुसरा बसे. काढलेला पुन्हा हवासा वाटला, की ५० एमबीपीएसच्या इंटरनेटवर १५० जीबी उतरवायला साडेसहा तासांहून जास्त लागत. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहितानाही मंदावू लागली.

धाकट्याकडे तिन्ही गेम बसून वर जागा शिल्लक होती. जुनी हार्ड डिस्कही त्याने काढून टाकली नव्हती. फोटो, सिनेमे आणि छोटे जुने गेम तो तिच्यावर ठेवी.

थोरला काकांकडे गेला. "सगळ्यात वेगवान घेतली, तरी अडचण माझीच का?"

काका म्हणाले, "बाळा, खोक्यावरचा आकडा तू नीट वाचलास. तसाच स्वतःचा कंप्युटरही पाहायला हवा होतास. तुझ्या स्लॉटला तो वेग पेलणारा नव्हता आणि तुला खरी गरज जागेची होती."

तात्पर्य : वस्तूची ताकद पाहण्याआधी आपली गरज पाहावी. जो वेग आपल्याला वापरताच येत नाही, त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.