वहिवाट आणि वाफसा

धार जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या रानातून बैलगाडी न्यायची असेल आणि त्यावरून वाद पेटला, तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 चे कलम 131 मदतीला येते. तहसीलदार जागेवर चौकशी करतो, पूर्वापार वहिवाट काय होती ते पाहतो आणि दोन्ही बाजूंची सोय लक्षात घेऊन वाट ठरवून देतो. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचे कलम 143 बांधावरच्या वाटेसाठी असेच काम करते. शेजाऱ्याच्या बैलगाडीचा इतक्या बारकाईने विचार करणारी ही व्यवस्था, त्याच रानातून उच्चदाब वाहिनीसाठी लोखंडाने लादलेले ट्रेलर, क्रेन आणि तारा ओढणारी यंत्रे जाऊ लागली की मुकी होते. कोणत्या बांधावरून, किती रुंदीची, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस, हे ठरवणारा कागद शेतकऱ्याच्या हाती नसतो. टॉवर कुठे उभा राहणार ते नकाशावर असते. टॉवरपर्यंत पोहोचायची वाट मात्र बहुधा कंत्राटदाराचा मुकादम त्या दिवशी ठरवतो. माझे म्हणणे या वाटेपुरतेच आहे. तिची वाटाघाट नुकसान झाल्यानंतर रकमेवर होते. ती आत शिरण्याआधी, आणि मुख्यतः हंगामावर, व्हायला हवी.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण बरेच शेतकरी आपण नकार देऊ शकतो या समजुतीवर लढतात आणि हरतात. वीज कायदा, 2003 च्या कलम 164 नुसार सरकार वीजवाहिनी टाकणाऱ्या संस्थेला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकते. ते अधिकार मिळाले की जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या खटल्यात 2016 मध्ये सांगितले. शेतकऱ्याने अडवले तर जिल्हाधिकारी वाट मोकळी करून देण्याचा हुकूम काढतो. हे अधिकार नसलेल्या परवानाधारकाला मात्र 2006 च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती घ्यावी लागते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. एकाच शेतात एका तारेसाठी विचारायचे आणि दुसरीसाठी विचारायचे नाही! दूरसंचार कायदा, 2023 ने जुना तार कायदा निकालात काढण्याची तरतूद केली, पण वीजवाहिन्यांपुरता त्याचा हा भाग जिवंत ठेवला. तरीही त्याच तार कायद्याच्या कलम 10 मध्ये शेतकऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत: कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही, आणि नुकसान शक्य तितके कमी करून सर्व हितसंबंधितांना पूर्ण भरपाई द्यावी लागते.

धारच्या नैर्ऋत्येला बाग आणि कुक्षीच्या भागात वाटेबाबतच्या या त्रुटीचा परिणाम अधिक तीव्र होतो. हा भिल्ल-भिलालांच्या वस्तीचा, पाचव्या अनुसूचीतला मुलूख आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून राजस्व संहितेचे कलम 165(6) पहारा देते. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, असे 1996 चा पेसा कायदा सांगतो आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये लागू केले. पण वाहिनीसाठी जमीन विकतही घेतली जात नाही आणि संपादितही केली जात नाही. त्यामुळे विक्रीवर बसवलेला पहारा आणि संपादनासाठी ठेवलेली ग्रामसभा, दोन्हींना वळसा घालून यंत्र शेतात उतरू शकते. सार्वजनिक हितासाठी काय मोजावे लागते हे या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यात इथले निसरपूर आणि चिखलदा गेले. त्या धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के आणि महाराष्ट्राचा 27 टक्के, आणि ती वाहून नेणाऱ्या 400 केव्ही वाहिन्या धार जिल्ह्यातल्याच राजगढ उपकेंद्रापर्यंत आल्या.

कंपनी या शिरकावाला तात्पुरता म्हणते. माळव्यातल्या काळ्या मातीला तो तसा वाटत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. वाफसा होण्याआधी तिच्यात बैलही घालू नये, हे कुणब्याच्या पोराला कळते. ओल्या रानात जड चाके फिरली तर नांगराच्या फाळाखालचा थर घट्ट दाबला जातो, पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. चाकोऱ्या वरून बुजवल्या म्हणून खालची माती मोकळी होत नाही. पंचनामा मात्र उभ्या पिकाचा होतो. सोयाबीन जूनअखेर पेरतात आणि ऑक्टोबरपर्यंत काढतात, मग गहू-हरभरा मार्चपर्यंत रान अडवून ठेवतो. एप्रिल-मे हे दोन महिने जमीन रिकामी, कोरडी आणि टणक असते. तेच काम मेमध्ये झाले आणि ऑगस्टमध्ये झाले, तर एका बाजूला काही दिवसांची धूळ आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या कित्येक हंगामांची घट. आणि कलम 10 वाहिनी ‘वेळोवेळी’ टाकण्याची व राखण्याची मुभा देते, म्हणजे दुरुस्तीची गाडी पुढेही येतच राहणार.

भरपाई वाढली आहे, मग तक्रार कशाची, असे विचारले जाईल. केंद्राने 2015 मध्ये टॉवरखालच्या जमिनीसाठी मूल्याच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 15 टक्क्यांपर्यंत भरपाई सुचवली. जून 2024 मध्ये तेच आकडे 200 आणि 30 टक्के झाले. हा बदल स्वागतार्ह आहे. पण ज्याच्या रानात टॉवरही नाही आणि तारही नाही, केवळ त्याच्या बांधावरून क्रेन गेली, तो या दोन्ही आकड्यांत बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका शेतकऱ्याच्या हट्टापायी शेकडो किलोमीटरची वाहिनी अडून राहील. मी नकाराधिकार मागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम शेवटचा उपाय म्हणून राहू द्यावा. त्याआधी वाट, रुंदी, महिना, फोडलेला बांध आणि तुटलेली पाइपलाइन कोण किती दिवसांत नीट करणार, आणि पुढच्या दुरुस्तीची सूचना कशी मिळणार, एवढे लिहून व्हावे. आयर्लंडमध्ये वीज मंडळाला असेच वैधानिक अधिकार असताना त्याने 1985 मध्ये शेतकरी संघटनेबरोबर वाहिन्यांची पाहणी, उभारणी आणि देखभाल यांसाठी आचारसंहिता ठरवली. आपल्याकडेही 1962 चा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा जमिनीखालच्या नळासाठी हरकत घ्यायला 21 दिवस देतो. नळाला जमते ते तारेला का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

छोट्या खात्यांच्या मुलखात शेकडो करार कोण करणार, ही अडचण खरी आहे. यावर ग्रामसभेत एकच मसुदा मंजूर करून खातेदारापुरती त्यात वाट आणि महिना भरता येईल. त्याहून खरा धोका हा की कागद कंपनीच लिहील आणि अंगठा शेतकऱ्याचा असेल. म्हणून मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा आणि यंत्र उतरण्यापूर्वी पटवाऱ्यासमक्ष रानाचे फोटो घेतले जावेत. शिवाय खसऱ्यात नाव एकाचे आणि बटाईने पीक दुसऱ्याचे, अशी रानेही थोडी नाहीत. कायदा ‘सर्व हितसंबंधित’ म्हणतो, तेव्हा ज्याने बियाणे घातले त्याचीही सही पंचनाम्यावर हवी, आणि पिकाच्या भरपाईचा पैसा त्याच्याच खात्यात जायला हवा.