विसर आणि उदासी



वृद्धाश्रमातल्या आजी आपले नाव विसरल्या, की आपण सहज म्हणतो, "वय झालं!" पण नैराश्यानेही म्हाताऱ्या माणसाचे लक्ष आणि स्मरणशक्ती मंदावते, ते अगदी स्मृतिभ्रंशासारखे भासते. नैराश्यावर उपचार आहेत. मन सावरले की पुष्कळदा बुद्धीही तरतरीत होते.

निराश एलिया झुडपाखाली मरण मागत होता (१ राजे १९). देवदूताने त्याला बोल लावला नाही. स्पर्श करून उठवले, भाकर-पाणी दिले. त्या बळावर तो चाळीस दिवस होरेबपर्यंत चालला.

पैठण रस्त्यावर मातोश्री वृद्धाश्रम आहे. तिथे जाऊ या, शेजारी बसू या, त्यांचे ऐकू या. घरच्या वडीलधाऱ्यांचा विसर वाढला, तर डॉक्टरांना त्यांच्या उदासीबद्दलही आवर्जून सांगा. देव आपल्याला त्यांचे देवदूत करो. आमेन.